वाटी आधी, तिखट मागाहून: पोरीच्या जेवणाच्या प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

वही कारखान्यातलीच आहे. बेळगावच्या उद्यमबागेत मी इन्स्पेक्शनला असतो. दिवसभर व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर हातात, आणि मोजलं ते लिहायचं, ही जुनी खोड. बायकोची बाळंतपणाची रजा संपत आली. १७ तारखेला पोरीला सहा महिने पूर्ण होतात आणि त्याच दिवशी ही बँकेत हजर होणार. मी दुसरी पाळी मागून घेतलीय. म्हणजे पोरीचं सकाळचं खाणं माझ्याकडे, दुपारचं आईकडे, रात्रीचं हिच्याकडे. तिघांत मिळून एक वही.

ठरलंय ते एवढंच, की घरचं द्यायचं, पण मिळमिळीत द्यायचं नाही. आई खानापूरकडची, बायको कोल्हापूरची. दोघींचं सहसा जमत नाही, पण बेचव खाऊन वाढलेलं पोर पुढे ताटावर बसून रडतं यावर एकमत आहे.

डॉक्टरांना विचारून आलो. मीठ वर्षभर नाही. साखर-गूळ दोन वर्षं नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, कारण त्यात एका जिवाणूची बीजं असू शकतात. आपल्याला त्यांचं काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात. हे ऐकताना आई खिडकीबाहेर बघत होती. जन्मल्या दिवशी मधाचं बोट कोणी लावलं ते मी विचारलं नाही.

मसाल्याला त्यांची ना नाही. मिरची सोडून बाकी चिमूट चिमूट चालेल, पण एका वेळी एकच नवी वस्तू, आणि दोन-तीन दिवस बघायचं. ‘आणि वरणाचं पाणी देऊ नका, वरण द्या,’ हे त्यांनी दोनदा सांगितलं.

१२ फेब्रुवारी

रविवार पेठेतून आणलं: नाचणा २ किलो, सालीचे मूग १ किलो, मसूर, जिरं, धने. तांदूळ आणायचा प्रश्न नाही, येळ्ळूरच्या पाहुण्यांकडून बासमतीचं पोतं येतं. त्यातल्या कण्या आईने आधीच वेगळ्या काढल्यात.

हळद पूड घेतली नाही, सांगलीची हळकुंडं घेतली. पिवळाधमक रंग यावा म्हणून सुट्या पुडीत लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं झालेली आहेत. शिसं मोठ्यांना वाईटच, पण या वयात ते थेट मेंदूच्या वाढीवर जातं. हळकुंड फोडून मिक्सरला लावलं. मिक्सरचं भांडं कायमचं पिवळं झालं, बायको दोन तास बोलली नाही.

हिंगाच्या डबीवर ‘गव्हाचं पीठ’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं पहिल्यांदाच वाचलं. खडा हिंग तसा कडक, त्यात मैदा नाहीतर गव्हाचं पीठ आणि डिंक मिसळून आपला रोजचा हिंग होतो. म्हणजे पोरीला हिंग दिला की गहूही गेला. दोन नव्या वस्तू एकदम नकोत, म्हणून हिंग पुढे ढकलला.

१५ फेब्रुवारी. बॅच १

पलीकडच्या दारातल्या अक्का कन्नड. त्यांच्याकडे पहिलं खाणं म्हणजे नाचण्याची सरी. त्यांनी दाराशी उभ्या उभ्या रीत सांगितली: नाचणा सात पाण्यांनी धुवायचा, रात्रभर भिजवायचा, ओल्या फडक्यात बांधून दीड-दोन दिवस ठेवायचा. मोड आले की वाळवायचा, दळायचा, आणि जुन्या मऊ धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायचा. आमच्याकडची रीत सत्त्वाची. भिजवून वाटायचा, दूध गाळून काढायचं, खाली बसलेला साका वाळवायचा.

आईचं म्हणणं सत्त्व पचायला हलकं. ते खरंच, पण नाचण्याचं कॅल्शियम बरंचसं सालीत असतं. शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, इतकं दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही. साका घेऊन साल फेकायची तर नाचणा कशाला, तवकीर काय वाईट? अक्कांची रीत घेतली. वस्त्रगाळही फार बारीक केलं नाही, दळून मैद्याच्या चाळणीने चाळलं.

दळण्याआधी आईने मोडाचा नाचणा मंद आचेवर भाजला. घरभर वास. मागच्या गल्लीतले मागवाले विचारत आले, काय भाजुलालायसा म्हणून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उष्टावण. मामा कोल्हापूरहून आला. खिरीत साखर होती, अंगठी बुडवून एकदा ओठाला लावली, तेवढ्यावर सगळ्यांनी समाधान मानलं. नंतर गुरगुट्या भात, त्यात सालीच्या मुगाचं वरण कुस्करून, थेंबभर तूप. चहाच्या चमच्याने दोन चमचे. अर्धं हनुवटीवर. वजन ७.१ किलो.

१९ फेब्रुवारी

सरी. एक वाटी पाण्याला दोन चमचे पीठ. गॅसवरून उतरवताना ठीक होती, पाळण्यापर्यंत जाईतो खळ झाली. पाणी घातलं, तर पेज झाली. पोरीने चार चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. पोट भरलं असावं, पण कशाने? पाण्यानेच.

इथे थोडा हिशेब. या वयात पोट साधारण किलोमागे ३० मिलिलिटर धरतात. म्हणजे हिचं दोनशेच्या थोडं वर. दूध चालूच आहे, वरच्या खाण्यातून दिवसाला दोनशे कॅलरी जायला हव्यात. पातळ पेजेने दोनशे कॅलरी गाठायच्या तर पोरीला टाकी बसवावी लागेल. घट्ट केलं तर गिळता येत नाही. आम्हा इन्स्पेक्शनवाल्यांच्या भाषेत, दोन्ही टोकांना रिजेक्ट.

२२ फेब्रुवारी

वाचलं की मोड आलेल्या धान्याच्या पिठात पिष्ट तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, अमायलेज. घट्ट लापशीत असलं पीठ चिमूटभर घातलं तर ती पातळ होते, पाणी न वाढवता. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेतल्या मंडळींनी १९८२ साली मोडाचा नाचणा आणि मूग यांचं बाळांचं पीठ याच तत्त्वावर मांडलं होतं. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनीही यावर बरंच काम केलं. आणि अक्कांना हे सगळं धोतराच्या फडक्यासकट आधीच ठाऊक.

मग आमची सरी खळ का झाली? आमचंही पीठ मोडाचंच होतं की.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

घरात सगळ्यांना उपास, पोरीला रताळं. बाजारात सध्या जिकडे बघावं तिकडे रताळ्यांच्या राशी. आपल्या भागातलं हे पीक ट्रक भरभरून उत्तरेत जातं आणि आपण वर्षातून दोन एकादश्यांना त्याची आठवण काढतो. कुकरला वाफवलं, साल काढली, हाताने कुस्करलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड नखाएवढी. मिक्सर लावला नाही, चिकट गोळा होतो. अर्धी वाटी गेली. आजवरचा विक्रम.

जिरं: तिसरा दिवस, काही त्रास नाही. पास.

२ मार्च, रविवार. बॅच २

कारण सापडलं. भाजणी! विकर उष्णतेने मरतं. आईने वास सुटेपर्यंत भाजलं तेव्हाच ते गेलं. चव आली, काम गेलं.

पाव किलो नाचण्याला पुन्हा मोड आणले. या वेळी फक्त सावलीत आणि नंतर तासभर उन्हात वाळवला, तळव्यात चोळून मोडांच्या काड्या उडवल्या, न भाजता दळला. कारखान्यातून हीट ट्रीटमेंटचा इन्फ्रारेड थर्मामीटर एका दिवसासाठी आणला (सांगून आणला).

चाचणी अशी. दोन वाट्या, दोन्हीत बॅच १ ची घट्ट सरी. एका वाटी पाण्याला चार चमचे पीठ, म्हणजे पहिल्यापेक्षा दुप्पट. दोन्ही वाट्यांत चमचा उभा राहत होता. ६५ अंशांवर आल्यावर उजव्या वाटीत बॅच २ चं पीठ पाव चमचा घालून ढवळलं. पहिलं अर्धं मिनिट काहीच नाही. मग चमचा हळूहळू कलायला लागला. दुसऱ्या मिनिटाला तो वाटीच्या काठाला टेकला. तिसऱ्या मिनिटाला सरी चमच्यावरून ओघळायला लागली, घुसळलेल्या दह्यासारखी, आणि चकाकी आली. डावी वाटी तशीच, चमचा उभाच.

आई म्हणाली, ‘पाणी घातलास काय रे?’ तिच्यासमोर पुन्हा केलं. मग ती अक्कांना बोलावून आली. अक्का बघून म्हणाल्या, सरीचा नाचणा आम्ही कधी भाजतच नाही, त्यात दाखवायचं काय?

न भाजलेलं पीठ कच्चं असतं, त्यामुळे पातळ झाल्यावर एकदा चांगली उकळी द्यायची. उकळीने विकर मरतं, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. उकळत्या सरीत थेट घातलं तर मात्र काही होत नाही, हेही करून पाहिलं.

आता रीत ठरली: बॅच १ चवीला, बॅच २ चिमूटभर कामाला. दुप्पट पीठ पोटात जातं. चमचा तिरका केला तर सरी थेंबाने पडावी, धारेने नाही.

५ मार्च

हळद, वरणात. लाळेरं कायमचं पिवळं. पास.

११ मार्च

पोट आवळलं. तीन दिवस केळं आणि भात, दोन्ही मीच दिलेलं. आज पपई, तुपाचा हात थोडा सैल, जेवताना चमचाभर उकळून गार केलेलं पाणी. संध्याकाळी मोकळी झाली. याहून जास्त तपशील वहीत नको असं बायको म्हणते.

१६ मार्च

शेंगदाणा. मला भीती वाटत होती, म्हणून मुद्दाम रविवार धरला, दवाखाना चालू असण्याच्या वेळात. पूर्वी शेंगदाणा उशिरा द्या म्हणत. २०१५ साली लंडनमधून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात उलटं निघालं: ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता, त्यांना लवकर दिल्यावर ॲलर्जी कितीतरी कमी झाली. आपल्या घरात दाण्याच्या कुटाशिवाय कोशिंबीरही होत नाही, मग टाळणार किती दिवस? भाजून, साल काढून, लोण्यासारखं बारीक वाटून, कोमट पाण्यात पातळ करून बोटभर. दोन तास हिच्या गालाकडे बघत बसलो. ती माझ्याकडे बघत बसली. काही नाही. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, श्वासनळीत जातो.

२३ मार्च

लसूण. एक पाकळी तुपात परतून मसुराच्या वरणात, मग कुस्करून. मला वाटलं थुंकेल. मिटक्या मारल्या. बायको म्हणाली, तिला काय नवीन आहे, माझ्या पोटात असल्यापासून खातेय. विनोद नाही हा. आईच्या खाण्यातली चव गर्भजलात आणि दुधात उतरते. अमेरिकेत जुली मेनेला यांनी २००१ साली गाजराच्या रसावर हे दाखवलं. ज्या आयांनी गरोदरपणी किंवा दूध पाजताना तो घेतला, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीची लापशी कमी तोंडं वाकडी करत खाल्ली. कोल्हापूरच्या बाईच्या पोरीला लसूण म्हणजे माहेरच.

मसुरावर लिंबाचे चार थेंब पिळले. डाळीतलं लोह लिंबाच्या क जीवनसत्त्वामुळे जास्त शोषलं जातं. सहा महिन्यांनंतर जन्मताना आणलेला लोहाचा साठा संपत येतो आणि आईच्या दुधात ते थोडंच. आशाताईंनी दिलेली लोहाच्या औषधाची बाटलीही चालू आहे, आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर. शी काळी होते, घाबरायचं नाही.

३० मार्च, पाडवा

कडुलिंबाची चटणी आजोबांनी बोटाने चाटवली. मला न विचारता. पोरीचा चेहरा बघण्यासारखा होता, आजोबांचाही.

१३ एप्रिल, रविवार. दोष नोंद

घरात तिखटाचा घाट. चार किलो मिरची: रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी. देठं काढायला मीही बसलो. नंतर साबणाने हात धुतले, दोनदा. वीस मिनिटांनी पोरीला रताळं भरवताना बोट तिच्या ओठाला लागलं.

असं रडणं आजवर ऐकलेलं नव्हतं. आई पाणी घेऊन धावली. पाण्याने जास्त पसरलं. हिने उचलून अंगावर घेतलं आणि पाचेक मिनिटांत शांत झाली.

कारण: मिरचीचा जळजळ करणारा अर्क पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. दुधातलं प्रथिन आणि स्निग्धांश त्याला धरून नेतात, म्हणून दूध-दही चालतं, पाणी नाही. उपाय: आधी हाताला गोडं तेल चोळायचं, पुसायचं, मग साबण. त्याहून सोपा उपाय: ज्याने देठं काढली त्याने त्या दिवशी भरवायचं नाही. लाल पेनने लिहिलंय.

दोन दिवस ओठाच्या कडेला लाली. डॉक्टरांना फोटो दाखवला, हसले, पण प्रेमाने.

२७ एप्रिल

हिंग, अखेर. गहू दलियातून आठवड्यापूर्वीच पास झालाय. तुपात जिरं-हिंग, त्यावर तांबडा भोपळा. कढीपत्ता मीच घातला, सवयीने. पान टाळूला चिकटलं. पोरगी खाकरली, लाल झाली, उमासे काढले. आवाज येत होता म्हणून थांबलो. आवाज येतोय तोवर ती स्वतःच बाहेर काढू बघतेय, बोट घालून ढकलायचं नाही. पान बाहेर पडलं. आवाज बंद झाला असता तर पालथं धरून पाठीत पाच थापा, हे आम्ही तिघं एका बाहुलीवर शिकून घेतलंय. कढीपत्ता यापुढे फोडणीतून काढूनच.

१९ मे

नऊ महिन्यांची लस, गोवर-रुबेला. वजन ८ किलो. दोन दिवस फक्त दूध. नोंदीला सुट्टी.

२८ मे

पाऊस यंदा मेमध्येच आला. बॅच ४ चा नाचणा फडक्यातच आंबला, मोडांवर करडी बुरशी. आई म्हणाली धुऊन वाळव. नाही, बुरशीचं विष धुऊन जात नाही. दोन किलो उकिरड्यावर. कारखान्यात एवढा माल स्क्रॅप केला असता तर सही घ्यायला तीन माणसं लागली असती.

वाळवायलाच ऊन नाही. बॅच २ ची डबी संपत आली.

८ जून

पीठ नाही, म्हणून काय द्यायचं? आज सकाळी आई आमटी टाकत होती. मसूर शिजलेला, हळद पडलेली, लसूण-जिऱ्याची फोडणी बसलेली, तिखटाचा डबा हातात. म्हटलं, थांब. एक डाव वाटीत काढला. मीठही अजून पडलेलं नव्हतं. त्यात कालची जोंधळ्याची भाकरी कुस्करली, पाच मिनिटं झाकून ठेवली, तुपाचा थेंब. पाऊण वाटी संपली.

चार महिने मी वेगळं पातेलं, वेगळी चाळण, वेगळा थर्मामीटर घेऊन बसलोय, आणि तिचं जेवण त्याच चुलीवर तिखटाच्या एक पायरी आधी तयार होतं. आता ती बोटांनी उचलते, कुस्करलेलं चावते, सरीची तेवढी गरजही राहिलेली नाही.

‘हेच मी सांगुलालो तुला पहिल्यापासनं,’ आई म्हणाली. सांगत नव्हती. ती मीठ घाल म्हणत होती.

१० जून ते ३० जून, एकत्र

घरच्या पातेल्यातून काढलेलं: मेथी-मूग, दुधी, शेवग्याच्या शेंगेचा गर खरवडून, उप्पीट (मिरचीऐवजी आलं किसून), तांदळाच्या कण्या ताकात, पक्कं उकडलेलं अंडं कुस्करून. धने, आलं, ओवा: पास. टोमॅटोने तोंडाभोवती लाल पुरळ, अर्ध्या तासात गेलं. आंबट रसाने कातडी चुरचुरली असावी, वरण लागलं तर काही होत नाही. पुन्हा शिजवून थोडा दिला, ठीक.

अंगणवाडीतून ‘पुष्टी’ची पाकिटं येतात. पाठीवर सगळं कन्नड. बायकोला कन्नड अजून फक्त बसच्या पाटीपुरतं येतं, अक्का वाचून दाखवतात. त्या बदल्यात हिने त्यांच्या नातवाचा बँकेचा फॉर्म भरला.

६ जुलै, आषाढी

उपासाच्या घरात पुन्हा रताळ्याचा शोध. हंगाम नाही, दुप्पट भाव. घेतलं.

२० जुलै

धो धो पाऊस, हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळलेलं पीठ, पाण्यात कालवून उकळायचं, लसूण-जिऱ्याची फोडणी. आमच्यात तिखट आणि कोकम, तिच्यात दोन्ही नाही. मिरीची एक कणी कुटून घातली, अकरा महिने झालेत. शिंकली, आणि पुढच्या चमच्याला तोंड उघडलं. वजन ८.६.

अक्का दारातून रोज विचारतात, ‘कूस, ऊट आतेन?’ म्हणजे बाळा, जेवण झालं का. पोरगी त्यांना उत्तर म्हणून रिकामी वाटी उलटी करून दाखवते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

थर्मामीटर केव्हाच परत दिला. बॅच २ ची डबी धुऊन त्यात आता आईची तपकीर आहे.

गॅसच्या वरच्या टाइलवर मी चिठ्ठी चिकटवलीय: ‘वाटी आधी, तिखट मागाहून.’ आज सकाळी पाहुणे होते, गडबड होती, आईने तिखट आधी घातलं. वाटी रिकामीच राहिली. दहीभात कालवून दिला, वर भाजलेलं जिरं. खाल्ला.